चार नंबर परवानगीशिवाय गेला

ड्रमलाहन,
१९ जुलै २००२

चि. नेव्हिन यास आजीचे अनेक आशीर्वाद.

विशेष. विसरायची सवय तुला तुझ्या आजोबांकडून आली असणार, म्हणून आठवण करून देते. मी एफी क्रोझियर, तुझ्या वडिलांची आई. पाच वर्षांचा असल्यापासून तू ज्या घरात जेवलास ते घर माझं. तू ज्याच्यासाठी रोज एक सॉसेज चोरायचास तो कुत्रा टॉबी. आठ तारखेला पहाटे तू स्कॉटलंडची बोट धरलीस त्याला अकरा दिवस झाले. ग्लासगोमध्ये शाई मिळत नसेल तर कळव, इथून पाठवते.

हे पत्र नेहमीप्रमाणे फिलोमिना लिहिते आहे. माझी शाळा दोन हिवाळ्यांची, तेवढ्यात अक्षरांनी काही माझ्याशी ओळख केली नाही. आकडे मात्र एक ते पंधरा चांगले येतात, ते जर्सींच्या पाठीवरून. फोनचं म्हणशील तर त्या यंत्रात सगळे विहिरीच्या तळातून बोलतात.

आपल्या गेलिक, म्हणजे पंधरा जणांच्या आयरिश फुटबॉलच्या, क्लबच्या जर्सी धुवायला मला तेवीस वर्षं झाली. रविवार देवाचा, त्या दिवशी खेळू नये, असं आपल्या चर्चमधल्या बायका अजून म्हणतात. मी म्हणते, मी कुठे खेळते? मी सोमवारी चिखल धुते, आणि चिखलाला वार नसतो. तर आठ तारखेच्या सोमवारी पिवळ्या जर्सींचं गाठोडं आलं आणि त्यात चार नंबरची बाही खांद्यापासून उसवलेली. कॉर्नाब्रॅकच्या मैदानावर, खेळाचा दुसरा अर्धा नुकताच सुरू झाला असताना, तू ती काढून फाटकावर टाकलीस आणि रस्त्याने चालू लागलास असं कळलं. ती फाटकावरून उचलून आणली तुझ्या लहानपणच्या दोस्ताने, कॅथलने. गाठोडं दारातच टेकवून तो निघून गेला.

फिलोमिना तीस वर्षं क्लबची सेक्रेटरी, म्हणून पंचाचा रिपोर्ट तिच्याकडे येतो. तिने वाचून दाखवला. तुझ्या नावे एकच ओळ आहे, पिवळ्यांचा चार नंबर परवानगी न घेता मैदान सोडून गेला. त्याबद्दल तुला लेखी ताकीद आली आहे, घड्याळामागे ठेवली आहे. कॉर्नाब्रॅकचा सहा नंबर चाळीस मिनिटं तुझ्या कानाशी लागलेला कडेवरून सगळ्यांना दिसला, तो कसलं स्तोत्र म्हणत होता, त्याबद्दल रिपोर्टमध्ये चकार शब्द नाही. पंचाने लिहिलं नाही ते घडलंच नाही, असा नियम आहे म्हणे. मग माझं लग्नही घडलं नसेल. तिथेही कुठे पंच होता?

क्लब जिल्हा समितीकडे तक्रार करणार आहे. त्याने काय काय म्हटलं ते तू लिहून पाठव, पुरतं पाठव. शिवी अर्धी लिहिली तर गुन्हाही अर्धाच होतो.

आठ सप्टेंबरला तेच कॉर्नाब्रॅकवाले आपल्या मैदानावर येणार आहेत, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. त्या दिवशी चार नंबरची पाठ तुझी असेल की नाही, एवढंच मला कळायला हवं. बाकीच्या बातम्या पाद्रीसाहेब फुकट देतात.

कॅथल रोज तुझी चौकशी करतो. कॅप्टन झाला तरी दारात पाय पुसत नाही.

लोभ आहे, तो तिकडच्या पावसात भिजवू नकोस.

तुझी आजी एफी
(सहीची फुली त्यांनी स्वतः काढली आहे. नेव्हिन, लवकर लिही रे, त्या रोज पोस्टाच्या गाडीच्या आधी फाटकाशी जाऊन उभ्या राहतात आणि कुंपण बघायला आले म्हणतात. – फिलोमिना)


ग्लासगो,
२५ जुलै २००२

ती. आजीस नेव्हिनचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी ठीक आहे. केनेथकाकांच्या वर्कशॉपमध्ये सुतारकामाला माणूस हवाच होता. सध्या एका शाळेचे दरवाजे करतो आहोत, चव्वेचाळीस. काकू रात्री बटाटे देते आणि कोबी देते आणि दुसऱ्या रात्री कोबी देते आणि बटाटे देते.

तू मागितलंस म्हणून लिहितो. सहा नंबर म्हणाला, काळतोंड्या प्रॉटेस्टंटाच्या पिल्ला, हा खेळ आमचा आहे, तू इंग्लंडच्या राणीकडे जा आणि तिच्या दारात ढोल बडव. ऑरेंज कुत्रा म्हणाला, तेही पुष्कळ वेळा. बॉल लांब असला की जास्त. पंच जवळ होता, त्याने मला सांगितलं की खेळ चालू दे, पोरा.

पण आजी, तक्रार नको. मोठ्यांच्या संघात खेळायला लागून मला सात वर्षं झाली. त्या माणसाने काही नवीन सांगितलं नाही. हे दर दोन-तीन मॅचला कोणीतरी म्हणतंच. आपल्याच चर्चबाहेर मला कॅथलिकांचा खेळ खेळणारा म्हणून वेगळं ऐकवतात. मैदानावर मी ऑरेंज, राणीच्या प्रॉटेस्टंटांचा, आणि चर्चबाहेर हिरवा, कॅथलिकांचा. रंगाऱ्याकडे कामाला गेलो असतो तर सोयीचं झालं असतं.

मी त्या माणसामुळे निघून आलो नाही. कशामुळे आलो ते विचारू नकोस. पत्रं फिलोमिनाबाई वाचतात, त्यांच्या डोळ्यांना उगीच त्रास नको.

आठ सप्टेंबरचं काही सांगत नाही.

सोबत कागदाचं एक पॅड पाठवतो. शेजारच्या दुकानात मिळालं, अगदी सायीसारखं जाड आहे. फिलोमिनाबाई वहीची पानं फाडून लिहितात त्यापेक्षा बरं. टॉबीच्या कानामागे खाजव. अर्नेस्ट पोस्टमनला आणि पाद्रीसाहेबांना नमस्कार.

माया असू दे.
नेव्हिन


ड्रमलाहन,
३ ऑगस्ट २००२

चि. नेव्हिन यास आशीर्वाद.

विशेष. पॅड पोचलं. एवढ्या भारी कागदावर कोबीच्या गोष्टी लिहिणं पाप, म्हणून पहिल्या चार पानांवर आम्ही तुझी तक्रार लिहिली. तू नको म्हणालास ते मी ऐकलं. माझे कान आता नीट चालत नाहीत हे तूच सगळ्यांना सांगतोस.

फिलोमिनाने आपलं ठेवणीतलं अक्षर काढलं. पण त्या माणसाचे शब्द आले आणि तिने पहिलं अक्षर लिहून पुढे टिंबं दिली. मी विचारलं, एवढा वेळ टकटक कसली करतेस? मग कबूल झालं. मी म्हटलं, तो टिंबं नाही म्हणाला. बाई कानापर्यंत लाल झाली, पण सगळं लिहिलं, आणि मग उठून हात धुऊन आली.

तक्रारीबरोबर कॅप्टनचं निवेदन लागतं. कॅथलने लिहून दिलं की तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याला काहीच ऐकू आलं नाही. उरलेल्या चौदा जणांपैकी कोणालाच काही ऐकू आलं नाही, नेव्हिन. कॉर्नाब्रॅकच्या हवेत काय असेल ते असो, आपली चौदा जवान पोरं एका दुपारी बहिरी झाली. मी ऐंशीची, मला कुंपणापलीकडची कोंबडी ऐकू येते. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आहे.

आणखी एक. तू टॉबीला, अर्नेस्टला आणि ज्यांच्या प्रवचनात तू सात वर्षं झोपलास त्या पाद्रीसाहेबांना नमस्कार लिहिलास. कॅथलला नाही. भांडलात का? चिखलात लोळायला सुरुवात केल्यापासून तुम्ही एकमेकांना सोडलं नाहीत, गोवरसुद्धा एकाच आठवड्यात काढलात. फिलोमिनाही हे लिहिताना मान हलवते आहे. तिलाही तसंच वाटलं.

समिती सोळा तारखेला बसणार. निकाल कळवते.

लोभ ठेव, तो ठेवायला टपालखर्च पडत नाही.

आजी


ड्रमलाहन,
१९ ऑगस्ट २००२

चि. नेव्हिन यास आशीर्वाद.

विशेष. आधी बसून घे.

तुझी तक्रार फेटाळली. कारण ऐक. कागद परदेशी होता.

मी तीनदा वाचायला लावलं. फिलोमिना प्रत्येक वेळी तेच वाचते. खेळाच्या संघटनेचा जुना नियम आहे की कामकाजाचा कागद आयर्लंडात बनलेला हवा. तो कुठला आहे हे उजेडासमोर धरून बघतात, कारण कागदाच्या पोटात कारखान्याची खूण असते. समितीतल्या तिघांनी तुझी तक्रार दिव्यासमोर धरली तर तुझ्या स्कॉटिश कागदाच्या पोटात हा एवढा मोठा मुकुट! सहा नंबर तुला राणीकडे जा म्हणाला आणि आम्ही त्याची तक्रार राणीचा मुकुट घेऊनच पाठवली. नेव्हिन, कागदसुद्धा प्रॉटेस्टंट निघाला.

आपल्या क्लबचा खजिनदार तिथे होता. तो सांगतो की कागदावर वीस मिनिटं चर्चा झाली. एकाने म्हटलं हा नियम आता कोण पाळतो, दुसऱ्याने म्हटलं आहे तोवर पाळायचा, तिसऱ्याने चष्मा पुसला. कागदावर जे लिहिलं होतं त्यावर किती वेळ चर्चा झाली असं मी विचारलं. तो म्हणाला, तिथवर ते पोचलेच नाहीत.

फिलोमिना दोन दिवस जेवलेली नाही. तीस वर्षांत तिने चुकीच्या कागदावर साधी पावतीसुद्धा केली नव्हती. दुसऱ्या क्लबांच्या तक्रारी याच नियमावर परत आल्या तेव्हा ती हसली होती, हे तिनेच मला सांगितलं. त्या दिवशी रागाच्या भरात समोर पॅड दिसलं आणि तिने पेन टेकवलं. मी तिला म्हटलं, चूक माझी, भारी कागदाचा हट्ट मी केला. ती म्हणाली, नियम तुम्हाला माहीत नव्हता, मला होता.

आता दार बंद आहे. तीच तक्रार पुन्हा करता येत नाही. नवा साक्षीदार पुढे आला तरच ते उघडेल. तो कुठून आणायचा? मैदानावर शेळ्या होत्या काही, त्यांना विचारते.

मला राग कशाचा आला सांगू? त्या सहा नंबरने चाळीस मिनिटं तोंड चालवलं आणि तो पुढच्या रविवारी खेळला. तू एक शब्द न बोलता चालत गेलास, तुला ताकीद. फिलोमिनाने सुवाच्य लिहिलं, तिला अपमान. चुकलं नाही असं कोण तर बहिरे.

तुझ्याकडून तीन आठवडे पत्र नाही. मुकुटवाले कागद संपले का?

लोभ आहेच, राग आला म्हणून तो कमी होत नाही.

आजी


ग्लासगो,
२४ ऑगस्ट २००२

ती. आजीस सा. न. वि. वि.

पाकिटावर मी मुद्दाम अर्नेस्टचं नाव घातलं आहे. हे पत्र त्याच्याकडून वाचून घे, फिलोमिनाबाईंकडून नको. अर्नेस्ट, वाच आणि विसर.

आजी, साक्षीदार आहे. कॅथल दुसऱ्या टोकाला नव्हता. माझ्यापासून दहा पावलांवर होता. सहा नंबर ते ढोलाचं म्हणाला तेव्हा मी कॅथलकडे पाहिलं. सात वर्षं मी हेच करत आलो. कोणी काही म्हटलं की मी त्याच्याकडे बघायचो, तो डोळे फिरवायचा, जाऊ दे म्हणायचा, आणि मग मला ते जमायचं. त्या दिवशी मी पाहिलं आणि तो हसला.

खुनशी नाही हसला. एखादा बरा विनोद ऐकला की माणूस हसतो तसा हसला. मग मी बघतोय हे त्याला दिसलं आणि त्याने खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

म्हणून मी आलो. शिवी देणाऱ्याला मी ओळखतही नाही. तो घरी जाऊन जेवला असेल. पण त्यानंतर मला वाटायला लागलं की सात वर्षं मी जेव्हा जेव्हा दुसरीकडे बघत होतो तेव्हा हा काय करत होता?

हे फिलोमिनाबाईंना कळू देऊ नकोस. त्या तुझे डोळे आहेत आणि तुझा उजवा हात आहेत. त्यांच्याशी तुझं तुटलं तर तुझं पत्र कोण लिहील, औषधाच्या बाटलीवरचं कोण वाचेल? मी इथे दरवाजे करतोय, मला काय होतंय? तू तिथे एकटी आहेस. राहू दे ती तक्रार.

माया असू दे.
नेव्हिन


ड्रमलाहन,
३१ ऑगस्ट २००२

चि. नेव्हिन यास आशीर्वाद.

विशेष. हे पत्र फिलोमिनाच लिहिते आहे. तुझं ऐकलं नाही.

अर्नेस्टने तुझं पत्र दोनदा वाचलं, गाडी चालू ठेवून, फाटकातच. चहा विचारला तर नको म्हणाला. अर्नेस्ट चहा नाकारतो तेव्हा घरात कोणी गेलेलं असतं.

दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं का, याचा मी दोन दिवस विचार केला. पाद्रीसाहेब लिहितील, पण ते माझ्या वाक्यांत देव घालतात. मग म्हटलं, जिच्या हाताने वीस वर्षं माझ्या मनातलं कागदावर गेलं, तिच्यापासूनच हे लपवायचं तर मग तिच्यासमोर रोज बसून मी करायचं काय? हवापाण्यावर बोलायचं?

ती आली, बसली, तारीख लिहिली. मी म्हटलं, लिही, सहा नंबर शिवी देत होता तेव्हा कॅथल दहा पावलांवर होता. तिने नाव लिहिलं आणि विचारलं, कुठला कॅथल? या गावात कॅथल एकच आहे, नेव्हिन, आणि त्याला तिने जन्म दिला आहे.

मी म्हटलं, पुढे लिही, तो हसला.

पेन हलेना. ती उठली, किटली भरली आणि खाली आच लावायची विसरली. म्हणाली, माझा मुलगा वाईट नाही. मी म्हटलं, वाईट असता तर नेव्हिन त्याच्याकडे बघायलाच गेला नसता. ती म्हणाली, एफीबाई, मी हे लिहिणार नाही. मी म्हटलं, बरं, मग तूही बस आणि मीही बसते. टॉबी दाराशी कुंईकुंई करत होता, त्याला बाहेर जायचं होतं, दोघींपैकी कोणी उठली नाही. त्याने जे करायचं ते चटईवर केलं.

मग तिने लिहिलं. मला वाचता येत नाही, पण दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो ते वीस वर्षं ऐकून मला ठाऊक आहे. या दोनांना फार वेळ लागला.

आता ती म्हणते आहे की तिला स्वतःचं काही लिहायचं आहे. लिहू दे. मी चटई धुते.

आजी

(नेव्हिन, हे माझं आहे, एफीबाई अंगणात आहेत. तू मला वाचू दिलं नाहीस ते का, हे कळलं. ते माझी काळजी म्हणून नव्हतं, त्यांची म्हणून होतं, आणि तेच बरोबर आहे. मी त्या दिवशी मैदानाच्या कडेला बसून गुण लिहीत होते. मलाही तू चालत जाताना दिसलास. मी वहीत लिहिलं, चार नंबर बाहेर. आणि पुढचा गुण लिहिला. आत्ता घरी जाते आणि त्याला विचारते. – फिलोमिना)


ग्लासगो,
४ सप्टेंबर २००२

ती. आजीस सा. न.

हे तू का केलंस? मी नको म्हणालो होतो. तुला एवढं सांगितलं होतं.

आता गावात सगळे म्हणतील की क्रोझियरांच्या पोराने कॅथलचं नाव घेतलं. शिवी देणाऱ्याला सोडून सगळे मलाच विचारतील की मित्राचं नाव का घेतलंस. मला आठ तारखेला तिथे उभं राहायचं नाही. मी येत नाही. जर्सी दुसऱ्या कोणाला तरी द्या.

फिलोमिनाबाई, तुमच्यावर राग नाही. हे वाचून दाखवताना मध्ये थांबू नका.

नेव्हिन


ड्रमलाहन,
१६ सप्टेंबर २००२

चि. नेव्हिन यास आशीर्वाद.

विशेष. तुझं पत्र फिलोमिनाने न थांबता वाचलं. तू माया असू दे असं लिहायचं विसरलास, ते तिने आपल्या पदरचं वाचलं. मला ते कळलं, कारण तू दर वेळी ते घाईत लिहितोस आणि तिने सावकाश वाचलं.

आता क्रमाने सांगते. तिने घरी जाऊन कॅथलला विचारलं. तो आधी म्हणाला ऐकू आलं नाही. मग म्हणाला सगळेच हसतात. मग ताट सरकवून म्हणाला, हो, हसलो. तिने त्याला तिथेच कागद दिला, खरं ते लिहायला लावलं, आणि तो कागद मला आणून खिडकीशी धरायला सांगितला. आत वीणा होती. आपल्याच आयर्लंडची खूण. तरी तिने आणखी दोन बायकांना दाखवून घेतला.

मॅचच्या आदल्या दिवशी कॅथल जर्सी न्यायला आला आणि या खेपेला दारात पाय पुसत राहिला. म्हणाला, हसणं सोपं होतं, ओरडलो असतो तर ते माझ्यामागे लागले असते. मी म्हटलं, मी कधी फुटबॉल खेळले नाही, हे मला सांगून उपयोग नाही. ज्याला सांगायचं त्याचा पत्ता तुझ्या आईला पाठ आहे. मग तो म्हणाला की रविवारी तुझी जागा रिकामी ठेवून चौदाच जण खेळतील, तुझ्या मानासाठी. मी म्हटलं, मी पंधरा जर्सी चौदा पाठींसाठी धुतल्या नाहीत. रिकामी जागा आजवर कोणाचा गोल अडवते? जुलैत एक हाक मारली असतीस तर आता हे नाटक लागलं नसतं. तो गाठोडं उचलून गेला.

आठ तारखेला मी खिडकीत बसले. चार नंबर कोणा दुसऱ्याच्या पाठीवर होता, त्याचं मी नाव घेत नाही, धावतो बरा. दुसऱ्या अर्ध्यात एकदम मैदान गप्प झालं. मला वाटलं कोणाचा पाय मोडला. बघते तर कॅथल मधोमध उभा, बॉल काखेत. त्यांच्या सहा नंबरने त्याला विचारलं होतं, तुमचा ऑरेंज कुत्रा कुठे आहे, राणीच्या दारात बांधलाय का? कॅथलने बॉल उचलला आणि पंचाला म्हणाला, हे लिहा. पंच म्हणाला, मी काही ऐकलं नाही, फ्री किक घे. कॅथल म्हणाला, मी ऐकलं, मी सांगतो, तुम्ही लिहा. लिहीपर्यंत बॉल देत नाही.

आणि कोण ओरडलं ठाऊक आहे? आपलेच. दे रे बॉल, वेळ जातोय, आपण दोन गुणांनी पुढे आहोत. क्लबचा खजिनदारसुद्धा. फिलोमिना कडेला बसली होती, ती वही बंद करून उभी राहिली आणि तिने त्या खजिनदाराला असं काही सुनावलं की ते शब्द ती इथे लिहायला तयार नाही. टिंबंसुद्धा नाहीत.

नऊ मिनिटं कॅथल हलला नाही. मग पंचाने त्याला लाल कार्ड दाखवलं. आपण चार गुणांनी हरलो.

पण ऐक. खेळाडूला बाहेर काढलं की पंचाला कारण लिहावं लागतं, आणि पुरतं लिहावं लागतं. रिपोर्ट आला. त्यात आहे की पिवळ्यांच्या कॅप्टनने बॉल द्यायला नकार दिला, कारण कॉर्नाब्रॅकच्या लाल जर्सीतल्या सहा नंबरने पुढील शब्द वापरले असं त्याचं म्हणणं होतं. आणि खाली ते शब्द. सगळे. पंचाच्या हातचे, पंचाच्या सहीचे, योग्य त्या कागदावर. फिलोमिनाने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

म्हणून समिती २६ तारखेला पुन्हा बसते आहे. कॅथलचं कॅप्टनपद जाईल, आधी खोटं लिहून दिल्याबद्दल. त्याला ते ठाऊक आहे. सहा नंबरचं काय होईल ते सांगता येत नाही. त्या तिघांचा मला भरवसा नाही, ते या खेपेला शाईचा रंग बघतील. तुला समोर उभं राहून बोलावं लागेल. मी येणार आहे, फिलोमिना गाडी चालवणार आहे. तू ये किंवा नको येऊस, असं मी म्हणणार होते.

पण काल रात्री कॅथल माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि म्हणाला की त्याने तुला फोन केला. पहिल्या दोन वेळा तू ठेवून दिलास. तिसऱ्या वेळी तो बोलला आणि तू ऐकलंस, पण त्याला माफ केलं वगैरे काही म्हणाला नाहीस. बरं केलंस, एवढं स्वस्त देऊ नये. मग त्याने विचारलं की येताना बूट आणशील का. तू म्हणालास म्हणे की बुटांचे खिळे झिजलेत, नवे बसवावे लागतील.

क्रोझियर घराण्यात हो म्हणायची हीच रीत आहे. तुझ्या आजोबांना मी लग्नाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते की गाडीचं चाक आधी दुरुस्त करावं लागेल.

जर्सी तुला मिळेल की नाही ते नवा कॅप्टन ठरवील, तू धावायला विसरला नसशील तर. लोक काय म्हणतील असं तू विचारलं होतंस. म्हणतायत. काही म्हणतात क्रोझियरांनी कॅथलचं नुकसान केलं. फिलोमिना दुकानात गेली की दोघी-तिघी गप्प होतात. ती म्हणते, होऊ देत, तेवढीच शांतता. पण हल्ली ती दुकान बंद व्हायच्या वेळीच जाते. हे ती लिहिते आहे आणि नाही म्हणून मान हलवते आहे.

आपला लोभ दोन घरांत वाटून घे, आता एका घरात मावायचा नाही.

तुझी आजी एफी

ता. क. तू बोटीवर सगळं खाऊन टाकतोस, म्हणून पोस्टाने आधी पाठव. ओटकेकची दोन पाकिटं, जाड दळलेल्या ओटची, एक फिलोमिनाच्या नावे. पातळ नकोत, तिच्या दातांना चिकटतात. आणि केनेथची बायको लोणी बांधून देईल, ते घेऊ नकोस. लोणी इथलंच खायचं.